नत्थूजी बाहेरच बसत

भिंतीपलीकडून नत्थूजीच्या बायकोचा, आनंदाबाईचा आवाज मी कितीकदा ऐकला. "अख्ख्या आंजी गावाले ऑटोत घालून दवाखान्यात नेता, एक डाव स्वतः तं आत जा!"

"मले काय धाड भरली? गॅस आहे," म्हणत नत्थूजी खिशातला ओवा तोंडात टाकत.

आम्ही बाया वर्ध्याच्या दवाखान्यात सुया टोचून घेऊ, नत्थूजी बाहेर निंबाखाली बसत. बाप्या माणूस आत गेला म्हणजे खचला, असं त्यांचं गणित. लेक सासरी गेल्यापासून त्यांचा डोळ्याले डोळा लागत नव्हता, तेही ओव्यावरच भागवलं. आता नत्थूजी नाईत. निंबाखाली कोणी बाप्या दिसला, की मी त्याले हाताले धरून आत नेते.

त्यांच्या शेवटच्या दिवशी माझ्या बीपीच्या गोळ्या आणायले आम्ही गेलतो. परतताना ते घामानं निथळून राह्यले होते, एक हात छातीवर.

"नत्थूजी, ऑटो फिरवा मागं. डॉक्टरले दाखवू."

"आधी तुमाले घरी सोडतो, काकू."

मी म्हातारी, ऑटो काय हिसकावणार?

दारात हात धरून त्यांनी मले उतरवलं, पिशवी दिली. "जेवल्यावर घेजा, विसरू नका," म्हणाले, अन् ओवा चघळत ऑटो अंगणात लावला.