झटके थांबल्यावर

पाट्या रंगवायचा धंदा, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणत. मुलीला आकडी येऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "घाबरू नका, फोनवर व्हिडिओ काढा. तुम्ही तासभर सांगाल ते आम्हाला बघून पटकन कळतं." पेंटरने ते मनावर घेतलं. आकडी कितीही जोरात असो, फोन हलायचा नाही. मूल शुद्धीवर कसं येतं तेही डॉक्टरांना बघायचं असतं, म्हणून झटके थांबल्यावरही तो थांबत नसे. पालकांच्या संस्थेत त्याचे व्हिडिओ नव्या लोकांना दाखवत, आणि गडी तेवढ्यानेही फुशारून जाई. बापाच्या हातात दुसरं होतं तरी काय!

एका दुपारी बायको कामावर असताना मुलगी झोपेतच ताठ झाली. पेंटरने फोन धरला. झटके ओसरता ओसरता ती पालथी झाली, नेहमी झोपायची तशीच. "झालं हं राणी, झोप आता शांत," असं म्हणत तो व्हिडिओ काढत राहिला. ती झोपली नव्हती.

तो व्हिडिओ त्याने कोणाला दाखवला नाही आणि त्याच्याने तो पुसवलाही नाही.

आकडीच्या रुग्णांसाठी झटणाऱ्या संस्था तीन, आणि तिघी एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. देणगीदार आमचे, डॉक्टर आमचे, व्हिडिओही आमचेच! झोपेत मुलं अचानक का जातात, हे शोधायला एकीकडेही पुरेशी माहिती नव्हती. शेवटी लेकरं गमावलेल्या आयांनीच तिघींच्या अध्यक्षांना एका टेबलाशी बसवून खडसावलं, "आमच्या पोरांची वाटणी कसली करता?" मग पैसे एकत्र झाले, व्हिडिओ एका जागी आले, संशोधन सुरू झालं. शेवटचे क्षण तेवढे तिघींपैकी कोणाकडे नव्हते. ते पेंटरच्या खिशात होते.

त्याने बायकोला त्या व्हिडिओचं सांगितलं; संशोधनाला द्यावा का, तेही विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"म्हणजे ती जात होती, आणि तुम्ही व्हिडिओ काढत होता?"

"मला वाटलं, झोपली."

"तुम्हाला वाटलं." तिने हातातला कपडा खाली टाकला. "द्यायचा तर देऊन टाका. मला काही विचारू नका."

त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली. 'जेवायला वाढलंय', एवढंच.

संशोधक बाईंनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला. पेंटरने विचारलं, "फोन ठेवून तिला कुशीवर वळवलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण बाईंनी ते केलं नाही. "झटके थांबल्यावरही थोडा वेळ तिचा श्वास चालू होता. कदाचित वाचली असती. नक्की नाही सांगता येत."

त्या 'कदाचित'ने पेंटर आतून पार मोडला.

पुढे तसेच आणखी काही घरांतून व्हिडिओ आले आणि तिन्ही संस्थांनी मिळून सूचना बदलली. झटके थांबले की फोन खाली ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, श्वास बघा. हे शिकवायला माणूस हवा होता. पेंटर आपण होऊन उभा राहिला. आपल्या हातून काय राहून गेलं ते दर रविवारी चारचौघांत सांगायचं, ही शिक्षा त्याला कोणी दिली नव्हती.

सतरंजीवर मोठी उशी ठेवून तो वळवून दाखवत असे. एका रविवारी दाराशी बायको उभी दिसली. तो गडबडला, पण बोलत राहिला. तेवढ्यात एक नवा बाप म्हणाला, "उशीवरून काही कळत नाही हो."

बायकोने चपला काढल्या. पुढे येऊन तिने उशी बाजूला केली आणि सतरंजीवर पालथी झोपली. ती कोण, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"दाखवा ना," ती म्हणाली.

पेंटर तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने तिला खांद्याला आणि कमरेला धरून हळूच कुशीवर वळवलं, मान सरळ केली, गाल तिच्या तोंडाजवळ नेला. ती रडत होती. तिचा ऊन, तुटक श्वास त्याच्या गालाला लागला.

"येतोय का श्वास?" मागून कोणीतरी विचारलं.

"येतोय," तो म्हणाला. पण त्याला मान वर करवेना.