टॅक्सीतली पुढची सीट

शिंपीणकाकू सकाळपासून मशीनवर धुसफुसत होत्या. शहरातली भुतं पकडणाऱ्या एका टॅक्सीवाल्याच्या कादंबऱ्या त्या वर्षानुवर्षं वाचत आल्या होत्या आणि चौदावा भाग कालच संपला होता. पुलाखालच्या पिशाच्चाशी झालेली झटापट झकास होती, हे त्यांना मान्य होतं. पण मेल्या टॅक्सीवाल्यानं शेवटी लग्न केलं, तेही एका चेटकिणीशी!

"तेरा भाग याच्या काळजीनं माझा जीव टांगणीला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि ही काल आलेली टवळी थेट पुढच्या सीटवर? नाक तरी धड आहे का तिला!"

बोलण्याच्या भरात त्यांनी गिऱ्हाइकाच्या शर्टाची डावी बाही उजवीकडे जोडली.

समोर काजं करत बसलेल्या नवऱ्यानं शर्ट ओढून घेतला आणि बाही उसवायला लागला.

"तुम्हाला काय कळणार माझ्या जिवाची तगमग?" काकू फणकारल्या.

"कळते की," तो दोरा ओढत म्हणाला. "तेरा भाग तो तुझ्या उशाशी झोपला, माझ्याच पलंगावर. मी कधी ब्र काढला?"