झेंडूचा हार आणि बॅटरी

गेल्या खंडेनवमीच्या सकाळी, कारखान्यात ऐन पूजेच्या वेळी, आमच्या गल्लीतल्या दिलीप सुतारांचं बोट गेलं. लाकूड कापायची बॅटरीवरची करवत, म्हणजे जिगसॉ, पुसताना त्यांनी बॅटरी काढून ठेवली होती. कारखान्याचा मालक म्हणाला, "लाव रे परत, फोटोत मशीन अर्धवट दिसतंय." त्यांनी ती लावली. हार घालताना खटका दाबला गेला आणि पातं चाललं.

आज कारखान्यात तोच जिगसॉ दिसला. पात्याच्या दात्यांत झेंडूची पाकळी वाळून काळी पडली आहे. "देवाची मर्जी," मालक अजून म्हणतो. देवाला कशाला मध्ये घालता? बॅटरी देवानं लावायला सांगितली होती का? हत्यारापुढे हात जोडायचे, तर जोडायला हात शाबूत हवेत. यंदा तुम्हीही मशीन पूजेला मांडाल. हळदकुंकू वाहायच्या आधी त्याची बॅटरी काढा.