माथेरान अखेर फोकसमध्ये आलं

मित्रहो, गंभीर तक्रार आहे. गेले तीन आठवडे माथेरानचा डोंगर माझ्याशी असहकार करतोय.

वडिलांची जुनी लेन्स मिररलेस कॅमेऱ्याला बसवायला मी अडॅप्टर मागवला. तुम्ही सगळ्यांनी महागडा सुचवलात, म्हणून मी हट्टानं सर्वांत स्वस्त घेतला. अंगणातली जास्वंद लख्ख यायची, लांबचा डोंगर मात्र कायम पुसट. "डोंगर जागेवरच आहे, तुमची अक्कल हललीय. आज जमलं नाही तर लेन्स परत कपाटात," बायकोनं सकाळी बजावलं.

मग कर्जतला लेथवाल्या दामूकाकांकडे गेलो. अडॅप्टर जरा जरी जाड असला तरी लांबचं फोकस होत नाही, म्हणून त्याची जाडी किती हवी ते सांगितलं. त्यांनी मोजून पाहिलं.

"पाव मिलिमीटर जास्त हाय, सायेब. उगा डोंगराला कशाला बोल लावताय?"

लेथवर चढवून त्यांनी तेवढी जाडी कातून काढली. बाहेर येऊन लेन्स फिरवली, तर कड्यावरचं झाड न् झाड वेगळं दिसलं. महागड्या अडॅप्टरवाल्यांनो, आता काय म्हणणं आहे?

काका पैसे घेईनात. "एवढ्याशा कामाचं काय घ्यायचं?"

मग त्याच लेन्सनं लेथवर वाकलेल्या काकांचा फोटो काढला. शेजारच्या स्टुडिओत त्याची प्रिंट काढली आणि काका चहाला गेलेले बघून त्यांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून आलो.