पुढच्या पानावर अनोळखी

ऑफिसात त्याला सगळे सबुरीकाका म्हणत. वय काही काकाचं नव्हतं, पण कुणी तक्रार घेऊन आलं की त्याचा पहिला शब्द ठरलेला: सबुरी. कामाला वाघ, पण तितकाच हेकट. त्याच्या कामात कुणी खोट काढली की स्वारीचं नाक वर. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने, आक्काने, स्वतःची शाळा सोडून याला शिकवलं. भाऊ वेबसाइट बनवतो, हे ती दारावर आलेल्या भाजीवाल्यालाही ऐकवायची.

रुग्णालयाची वेबसाइट त्याच्याकडे होती. संसर्गाच्या वॉर्डात पेशंटला भेटायचं तर साइटवर आधी वेळ घेऊन पास काढावा लागे: एका पानावर नाव-नातं, पुढच्या पानावर वेळ. पास नसला तर दारावरचा माणूस सख्ख्या आईलाही आत सोडत नसे. गर्दी वाढली म्हणून काकाने जोडीला साइट चालवणारा दुसरा सर्व्हर लावला, आणि तक्रारी सुरू झाल्या. लोक नाव भरत, पुढच्या पानावर साइट पुन्हा विचारी, आपण कोण? काका आपल्या मशिनवर तपासून बघे, तर सगळं सुरळीत. तिथे तो एकच सर्व्हर चालवी, उगाच गुंता नको म्हणून. मग "माझ्याकडे चालतंय" असं लिहून तक्रार मिटवून टाकी.

त्याच वॉर्डात आक्काचे यजमान होते. तिचाही फोन आला. भरलेलं नाव पुढे टिकतच नाही, म्हणाली.

"आक्का, तू मागे जायचं बटण दाबत असशील. सावकाश कर."

"असेल रे. माझा हात कुठे सरावलाय."

संध्याकाळी त्याने झालं का म्हणून विचारलं, तर ती होईल होईल म्हणाली. एवढ्या शिकलेल्या भावापुढे पुन्हा अडाणी ठरायची तिला लाज वाटली. आणि त्यानेही, खरं सांगायचं तर, तिचं 'होईल' सोयीने खरं मानलं.

तक्रारी थांबेनात, तेव्हा दुसऱ्या दिवशी तो चडफडत खऱ्या साइटच्या नोंदी चाळायला बसला. पहिलं पान एक सर्व्हर दाखवत होता, दुसरं पान दुसरा. आलेल्या माणसाची ओळख, म्हणजे सेशन, जो तो आपल्यापुरतीच ठेवत होता. एका खिडकीवर नाव सांगावं आणि पुढच्या खिडकीवरच्या कारकुनाने तोंडही ओळखू नये, तसला प्रकार. सेशन दोघांनाही दिसेल अशा एकाच ठिकाणी ठेवली, झालं काम. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणत तो स्वतःशीच हसला आणि पहिला फोन आक्काला लावला.

"आक्का, तुझं काही चुकत नव्हतं. चूक माझी होती. आता कर, लगेच वेळ मिळेल."

तिने हळूहळू सांगितलं. भाऊजी पहाटे गेले होते. काल दिवसभर नर्सला विचारत होते, ती आली का.

"माझं चुकत नव्हतं ना?" आक्काने विचारलं. "सकाळपासून मला वाटतंय, माझ्या अडाणीपणामुळे ते एकटे गेले."

"नाही गं, आक्का."

मग ती रडली, मोकळी होऊन. तिने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.