पेलमावशीला चादर नेसवली तो रविवार

आमच्या गावातली निम्मी माणसं या जगात आली ती थॉमसिन पेलच्या हातावर. डॉर्सेटच्या त्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं ती सुईणपण करत पायी फिरली. सगळे तिला पेलमावशी म्हणत. तोंड फटकळ, पण हात लोण्यासारखा.

स्पेनचं आरमार आलं त्याच आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. पहिलीच खेप. पुरुष कोयते-भाले घेऊन किनाऱ्यावर उभे, आणि इथे माझं मूल आडवं.

"एव्हिस, सासूला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण जोर लाव!" मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्यात शिव्या द्यायचंही त्राण उरलं नाही. मीच म्हणाले, "मावशी, माझी आई बाळंतपणात हातात धरायची, तसली माळ आहे का गं?"

राणीच्या राज्यात पोपच्या पंथाच्या असल्या माळांना बंदी होती; मावशीने दाराकडे पाहिलं. मग घागऱ्याआडच्या खिशातून लाकडी मण्यांची जपमाळ काढून माझ्या मुठीत दिली आणि मेरीमातेची जुनी प्रार्थना पुटपुटली. दुपारी मुलगी झाली. जिवंत.

माझा नवरा गिल्बर्ट, शिंपी, आत आला तेव्हा माळ माझ्या मुठीतच होती. त्याने ती पाहिली. मुलीला घेतलं, मावशीला बिअर ओतून दिली.

तिसऱ्या दिवशी चर्चचे कारभारी मावशीच्या घरात घुसले. तिची गादीसुद्धा फाडली म्हणे.

"कुणी सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"मी," गिल्बर्ट म्हणाला. शांतपणे, सुईत दोरा ओवत.

"अरे, माळ मी मागितली होती!"

"तू शुद्धीत नव्हतीस. मी तसंच सांगितलंय, आणि तूही तसंच सांगायचं. स्पेन दारात उभा आहे, एव्हिस. पोपची माळ धरणारा माणूस इंग्लंडचा असतो का?"

कारभाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं.

सव्वा महिन्याने, बाळंतपणानंतर पहिल्यांदा, मी चर्चला गेले. आरमार वादळात उधळलं म्हणून आभाराची प्रार्थना होती. समोर पेलमावशी उभी. अंगावर प्रायश्चित्ताची पांढरी चादर, डोकं उघडं, हातात काठी. तिचे केस इतके विरळ असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. देवाचा आणि राणीचा अपराध केला, असं तिने मोठ्याने म्हटलं.

ती चर्चबाहेर आली तेव्हा पिंपं बनवणारा जेन्किन ओरडला, "पोपची कुत्री! चालती हो स्पेनला!"

मावशी थबकली. "जेन्किन, तुला पायाला धरून आईच्या पोटातून ओढून काढलाय मी. माझा बाप याच चर्चच्या अंगणात पुरलाय. स्पेन कुठल्या दिशेला आहे तेवढं तरी दाखव मला."

लोक हसले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात चिखलाचा गोळा तिच्या गालावर बसला. मग दुसरा. फेकणाऱ्या बायकांतल्या एकीचं पोर मावशीनेच वसंतात जन्माला आणलं होतं. मावशीने चिखल पुसलाही नाही, नुसती एकेकीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

चर्चने तिचा सुईणपणाचा परवाना काढून घेतला. हिवाळ्यात मी अंडी घेऊन तिच्या दारी गेले. तिने फटीतून पाहिलं.

"आत येऊ नकोस गं," ती म्हणाली. "कुणी बघेल."

मी अंडी उंबऱ्यावर ठेवली आणि खरंच परत फिरले.