बिनवासाचं घर

आमच्या घरात उदबत्ती लागत नाही. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला समोर बसवून नियम सांगितले. साबण बिनवासाचा, तेल बिनवासाचं, पावडर नको, सेंटचं तर नावही काढायचं नाही. मी म्हटलं, बायको केलीस की भिंत रे? तो हसला आणि संध्याकाळी माझ्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन आला. अबोलीला वास नसतो. तेव्हापासून मी केसात अबोलीच माळते, आणि मोगरेवाली समोरून आली की मान फिरवते.

सासूबाई होत्या तोवर रोज सकाळी देवापुढे बसून कुरकुरायच्या. "देवाक साधी अगरबत्ती नाय. ह्यां घर काय हॉस्पिटल?" पण त्याही लावायच्या नाहीत. कारण घर मुलाच्या नाकावर चाललं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

नवरा एका छोट्या कारखान्यात आहे. तिथे एसेन्स बनतात, बिस्किटात, सरबतात, आइस्क्रीममध्ये घालायचे. नवी बॅच तयार झाली की कागदाच्या पातळ पट्टीवर एक थेंब घ्यायचा, पट्टी नाकाखाली फिरवायची, आणि हा "जाऊ दे" म्हणाला तरच माल बाहेर. एकदा एक नवा केमिस्ट आफ्टरशेव्ह लावून आला, तर ह्याने त्याला दारातूनच घरी पाठवलं. अंगाला वास असलेला माणूस त्या खोलीत पाऊल टाकू शकत नाही, हा तिथला कायदा. आम्ही कुठेही स्कूटरनेच जायचो तेही ह्यामुळेच. टॅक्सीत, एसी बसमध्ये तो मेला फ्रेशनर लटकत असतो ना.

मग करोना झाला. आम्हा दोघांनाही ताप आला, दोघांचाही वास गेला. माझा पंधरवड्यात परत आला. त्याचा आला नाही.

डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबलो. रोज सकाळी चार बाटल्या हुंगायचा सराव सांगितला होता, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. डोळे मिटून तो बसायचा आणि मी बाटल्या धरायचे. काही नाही. कारखान्यात त्याला स्टोअरमध्ये टाकलं, डबे लावायला. रुबाबात खुर्चीवर बसणारा माणूस तो, आता शिड्या चढायचा. जेवताना ताटाकडे बघायचाही नाही. मी कधी चिडून म्हणायचे, अरे निदान मीठ कमी आहे तेवढं तरी सांग. तर म्हणायचा, "जे आहे ते आहे." अशी वर्षं गेली आमची, आणि ती कशी गेली ते आठवावंसंही वाटत नाही.

ह्या दिवाळीनंतर मात्र फरक पडला. एका रविवारी आंघोळ करून बाहेर आला आणि म्हणाला, "आज बोंबील?" माझ्या हातातून कालथा पडला. मग दोन दिवसांनी, "हिंग जास्त पडला वाटतं." मग शेजारच्यांची फोडणी करपल्याचं त्यानेच आधी सांगितलं. सकाळच्या चार बाटल्यांतल्या तीन ओळखायला लागला. मी देवापुढे दिवा लावून रडले. माझ्या आईला फोन केला, बहिणीला फोन केला, सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. त्यानेही मालकांना सांगितलं.

मालक म्हणाले, सोमवारी ये, पट्ट्या लावून बघू. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर मी दुसरा माणूस कायमचा घेतो, मग तुलाही किती दिवस स्टोअरमध्ये सांभाळू, तूच सांग.

नाशिकची कल्पना माझी. वाइनवाले म्हणे सगळं नाकानेच ठरवतात. मी म्हटलं, चल ना, शनिवार-रविवार जाऊन येऊ, तुझा सराव पण होईल आणि आपण दोघं किती वर्षांत कुठे गेलोच नाही. तो जरा थांबला. मग म्हणाला, "चल." त्या थांबण्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

डिसेंबरची थंडी होती. भल्या सकाळी निघालो, भिवंडीचा बायपास, शहापूरला चहा. कसाऱ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे मागे आमची स्कूटर धापा टाकत चढली. मी मागे त्याच्या जॅकेटच्या खिशात हात घालून बसले होते. कॉलेजातल्या पोरीसारखी, ह्या वयात. घाटमाथ्यावर त्याने गाडी थांबवून मला दरी दाखवली आणि म्हणाला, "झकास ना?" किती दिवसांनी तो शब्द ऐकला मी त्याच्या तोंडून.

नाशिकबाहेर धरणाच्या बाजूला द्राक्षांचे मळे. संध्याकाळी एका वायनरीत टेस्टिंगला गेलो. आमच्या आधीचा ग्रुप चालू होता, म्हणून बाकावर बसून थांबायला सांगितलं. मी पाण्याचे फोटो काढत हिंडले, तो मात्र बाकावरच बसून राहिला. मग आमची पाळी आली. टेबलाभोवती आम्ही तीन जोडपी. एक चटपटीत मुलगी ग्लासात दोन-दोन घोट ओतायची आणि विचारायची, काय वास येतो सांगा. बाकीचे दारूचा वास म्हणून फिदीफिदी हसत होते. ह्याने ग्लास हळूच फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. "पेरू," म्हणाला. "आणि मागून हिरवी मिरची." ती मुलगी बघतच राहिली. पुढच्या लाल वाइनला म्हणाला, "जांभूळ, काळी मिरी, थोडा लाकडाचा." समोरच्या बाईने टाळ्या वाजवल्या. मी त्या बाईला सांगितलं, ह्यांचं कामच आहे ते. छाती नुसती फुगली होती माझी.

हॉटेलच्या न्हाणीघरात गुलाबाचा छोटा साबण ठेवलेला होता. आम्ही आमचा घरचा साबण नेला होता. तो गुलाबाचा मी सवयीने पर्समध्ये टाकला, बहिणीच्या पोरींना होईल म्हणून. फुकटचं सोडायचं नाही, असं माझी आई म्हणते.

रविवारी परत निघायच्या आधी मळ्यांच्या मधल्या कच्च्या रस्त्याने स्कूटरवरून फिरायचं ठरलं. दोन्हीकडे वेली, घड लटकलेले, ऊन कोवळं. मला वास आला. आधी वाटलं पुढून ट्रॅक्टर गेला असेल. पण रस्ता रिकामा होता आणि वास वाढतच होता, डोक्यात जाणारा. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"अरे, वास येतोय का तुला?"

"येतोय ना," तो म्हणाला. "फवारणीचा आहे. औषध मारतायत."

डावीकडे बघितलं तर खरंच एक माणूस तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन वेलींवर फवारत होता. बऱ्याच लांब, आणि वारा आमच्याकडून त्याच्याकडे वाहत होता. तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. खाली बघितलं, सलवारीची कड भिजलेली, चप्पल भिजलेली. सीटच्या खालून पेट्रोल टपटपत होतं.

"थांबव," मी म्हटलं. "गाडी बंद कर. पेट्रोल गळतंय."

त्याने गाडी बंद केली, उतरला, वाकून बघितलं. नळी फाटली होती. आमच्या मागे मातीत ओली रेघ दिसत होती, लांबपर्यंत. माझा नवरा, जो खालच्या मजल्यावरच्यांचा गॅस गळतोय हे तिसऱ्या मजल्यावर झोपेतून उठून सांगायचा, तो त्या पेट्रोलवर बसून मला औषधफवारणी दाखवत होता.

विचारायची गरजच राहिली नव्हती. बोंबील? कोळीण जिन्यात ओरडून गेली होती तेव्हा हा घरात होता. हिंग? डबी ओट्यावर उघडी होती. शेजारची फोडणी? त्यांची सून आधी खोकत होती. चार बाटल्या मी रोज त्याच क्रमाने उचलत होते, आणि त्यातही एकेकीचं झाकण वेगळं वाजायचं. आणि काल बाकावर बसून त्याने आधीच्या ग्रुपचं सगळं ऐकून घेतलं होतं, पेरूपासून लाकडापर्यंत.

तो बांधावर बसला. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"किती दिवस रे?" मी म्हटलं.

"पहिल्यापासून. काहीच आलेलं नाही. एक कण पण नाही."

"मग बोंबील कशाला म्हणालास?"

"सहज म्हणालो. तर तू किती खूश झालीस. मग मागे फिरता येईना."

मला इतका संताप आला की वाटलं ते हेल्मेट त्याच्या डोक्यावरून काढून मळ्यात फेकावं. मी ओरडले. सगळ्या गावाला सांगत फिरले मी, वेड्यासारखी. आणि सोमवारी काय करणार होतास? तिथे कोण कोळीण ओरडणार होती? तो म्हणाला, रंगावरून काही कळतात, पट्टीवर थेंब कसा पसरतो त्यावरून काही कळतात, बाकीचे अंदाजाने. मी म्हटलं, आणि अंदाज चुकला तर? पोरांच्या बिस्किटात जातं ना ते? हाच माणूस एका थेंबाच्या फरकासाठी अख्खी बॅच ओतून द्यायला लावायचा.

"मला वाटलं, त्या खोलीत जाऊन बसलो की येईल," तो म्हणाला. "बाहेर येत नाही, पण तिथे येईल. खुर्चीवर बसलो की."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो होता तेव्हाच बरं होतं. राग असतो तोवर माणसाला काहीतरी करता येईल असं वाटतं. मी त्याच्याशेजारी बांधावर बसले. पेट्रोलचा वास माझ्या कपड्यांना, हातांना, सगळीकडे. तो इतक्या जवळ बसला होता, आणि त्याच्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. मी रडले. तो रडला नाही. लांबून फवारणीवाला आमच्याकडे बघत होता.

गाडी ढकलत गावात नेली. मेकॅनिकने नळी बदलली आणि म्हणाला, साहेब, एवढा वास मारत होता, कळलं कसं नाही? नवरा म्हणाला, सर्दी झालीय. घाट उतरलो. मी त्याच्या खिशात हात घातले नाहीत, सीटची कडी धरून बसले. शहापूरला चहासाठी त्याने विचारलं, मी नको म्हटलं.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. चार बाटल्या फडताळातच राहिल्या, त्यानेही मागितल्या नाहीत. न्हाणीघरातून हाक आली.

"अगं, तो हॉटेलातला साबण आणलास ना तू? दे जरा."

मी लाटणं खाली ठेवलं, पर्स शोधली, साबण काढला, दाराच्या फटीतून दिला. थोड्या वेळाने घरात गुलाबाचा वास पसरला. हॉलमध्ये, देवापाशी, कणकेच्या परातीपर्यंत. आमच्या घरात पहिल्यांदा.

तो बाहेर आला, इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"येतोय वास?"

"येतोय."

"खूप?"

"दारातूनच कळेल त्यांना," मी म्हटलं.

"बरं झालं," तो म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या. "मग मला तोंडाने सांगावं लागणार नाही."